रेडीमेड की असेंबल? गेमिंग कॉम्प्युटर घरात आणण्याआधी



रमजानच्या आधीपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता. थोरला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. मोबाइलवर त्याने एक तयार मशीन पसंतही करून ठेवले होते. काचेचे कॅबिनेट, आत रंगीत दिवे, किंमत पाऊण लाखाच्या घरात आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘नो कॉस्ट ईएमआय’. ‘महिन्याला एवढेच तर पडतात,’ असे त्याचे म्हणणे. दादींनी किंमत ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘इत्ते में तो दूध देने वाली भैंस आ जाती!’’

हसून विषय संपला नाही. मुलाची हौस खरी होती, अभ्यासाची गरजही खरी होती. पॉलिटेक्निकची ड्रॉइंगची सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नाहीत. धाकटी नववीत आहे, तिलाही प्रोजेक्टसाठी मशीन लागते. तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरले. तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडायचा, हे ठरायला दोन महिने लागले. ओळखीच्या तीन-चार घरांत हाच प्रश्न पडलेला दिसला, म्हणून या महिन्याचे सदर त्यावर.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फ्रिज किंवा टीव्ही आपण घरी जोडत नाही, मग कॉम्प्युटरच का जोडता येतो? १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बाहेरच्या कंपन्यांचे भाग वापरून आणि त्याची रचना उघडी ठेवून. त्यामुळे दुसऱ्यांनाही त्याला जुळणारे भाग आणि मशीन बनवता आले. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, तरी सगळे एकमेकांत बसते, त्याचे मूळ तिथे आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर हे बाजार याच उघडेपणावर उभे राहिले. आपल्याकडून देवगिरी एक्स्प्रेस एका बाजूला मुंबईला नेते, दुसऱ्या बाजूला सिकंदराबादला. परभणीची हौशी मुले या दोन्ही बाजारांत जाऊन येतात. बाकीची नांदेड किंवा औरंगाबादला विचारतात, किंवा ऑनलाइन मागवतात.

दोन कडू अनुभव

आमच्या घरात पूर्वी एक तयार मशीन होते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी, एका नामांकित कंपनीचे, ऑफिसात वापरून काढलेले. चार वर्षे चांगले चालले. गेल्या मे महिन्यात त्याचा एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, जळाला. स्टेशन रोडच्या मेकॅनिकने खोलून दाखवले. बाजारात मिळणाऱ्या एसएमपीएसची मोठी पिन २४ टोकांची असते. या कंपनीने मदरबोर्डवर स्वतःची वेगळीच लहान पिन दिली होती, आणि डब्याचा आकारही निराळा. दुकानात दहा एसएमपीएस पडलेले असून एकही बसेना. कंपनीचा भाग मागवायचा तर किंमत मशीनच्या निम्मी. शेवटी ते भंगारात गेले.

दुसरा अनुभव मुलांच्या मामूंचा. ते पूर्णेला असतात. त्यांनी २०२३ मध्ये मोठ्या शहरातल्या एका दुकानातून असेंबल मशीन आणले. साध्या कागदावर एकूण रक्कम लिहिलेली, कोणत्या भागाचा नंबर नाही की जीएसटी नाही. आठ महिन्यांत ग्राफिक्स कार्ड बंद पडले. कार्डावरचा सिरियल नंबर तपासला तर त्याची वॉरंटी विकण्याआधीच संपलेली. कार्ड जुने होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खोदायचे’ काम थांबले. त्या कामात रात्रंदिवस राबलेली कार्डे मग जगभरच्या जुन्या बाजारात आली. मामूंच्या नशिबी तसलेच एखादे आले असावे.

म्हणजे तयार मशीनने आम्हाला फसवले आणि असेंबलने मामूंना. दोन्हींत एक गोष्ट समान होती: बिघडल्यावर उघडणार कोण, आणि सुटा भाग मिळणार कुठे, हे घेताना कुणी विचारले नव्हते. मुंबई-पुण्यात हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. परभणी, जिंतूर, गंगाखेडला तो कुरियरने जाऊन येतो आणि महिना लागतो. आमच्या मते आपल्या भागात निवड करण्याची पहिली कसोटी हीच. वेग, दिवे, काच सगळे नंतर.

हप्त्याचा प्रश्न

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल. मुलांना वाटते, व्याजच नाही तर हरकत काय? आम्ही त्याचा हिशोब मुलासमोर मांडला. बँक किंवा फायनान्स कंपनी रकमेवर व्याज लावतेच. विकणारा त्या व्याजाएवढी सूट किमतीत आधी देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण बँकेच्या कागदावर व्याज हे व्याज म्हणूनच राहते. क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडून घेतात. वर प्रोसेसिंग फी, आणि हप्ता चुकला तर दंड.

हे जायज की नाजायज याचा फतवा देणे आमचे काम नाही. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी तो कागद आपल्या आलिमांना दाखवावा, फक्त जाहिरात दाखवून विचारू नये. आम्ही दोघांनी मात्र ठरवले की हौसेच्या वस्तूसाठी व्याजाच्या कागदावर सही नको.

असे ठरवले की तयार मशीनची वाट बरीचशी बंद होते, कारण पाऊण लाख एका पगारातून निघत नाहीत. इथे असेंबलचा खरा फायदा आम्हाला कळला. लोक म्हणतात असेंबल स्वस्त पडते. त्याहून मोठी गोष्ट ही की ते टप्प्याटप्प्याने, रोखीने घेता येते.

पण यातही एक खड्डा आहे. थोरला म्हणाला, ‘‘मग दर महिन्याला एक भाग घेऊ.’’ मेकॅनिकने अडवले. या महिन्यात मदरबोर्ड, पुढच्या महिन्यात प्रोसेसर, असे घेतले तर मदरबोर्ड चालतो की नाही हे कळेपर्यंत बदलून घ्यायची मुदत निघून जाते. वॉरंटीही बिलाच्या तारखेपासून सुरू होते, जोडल्याच्या तारखेपासून नाही. तेव्हा टप्पे असे पाडायचे की प्रत्येक टप्प्याला घरात चालते मशीन असेल. पहिला टप्पा, साधा पण पूर्ण कॉम्प्युटर. दुसरा टप्पा, ग्राफिक्स कार्ड.

भाव काय म्हणतो

‘असेंबल नेहमी स्वस्त’ हे वाक्य आज डोळे मिटून मानता येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरी लागते आणि कारखाने आधी त्यांना माल देतात. मायक्रॉनसारख्या मोठ्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. काही रॅमचे दर दुपटीच्या वर गेले. अशा वेळी जुन्या भावात घेतलेले भाग असलेले तयार मशीन एखाद्या दुकानात पडून असेल तर तेच स्वस्त पडू शकते. म्हणून दोन्हींचे दर एकाच आठवड्यात विचारावेत आणि सगळ्या भागांची बेरीज कागदावर करावी.

बेरजेत विंडोज धरायला लोक विसरतात. कंपनीच्या तयार मशीनमध्ये बहुधा विंडोजचा खरा परवाना येतो. असेंबल करताना दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो, ती बहुतेक चोरीची प्रत असते. चोरीची वस्तू पेनड्राइव्हमधून आली तरी चोरीचीच. एक तर परवान्याचे पैसे धरावेत, नाहीतर उबंटू किंवा मिंटसारखे मोफत लिनक्स घ्यावे. लिनक्सवर अभ्यास, इंटरनेट, टायपिंग आणि बरेच गेमही चालतात. मात्र व्हॅलोरंटसारखे काही गेम चालत नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे, नंतर तोंड पडते.

आपले ऊन, आपली वीज

परभणीच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. खोली जितकी तापलेली, तितकी मशीनच्या आतली हवा तापलेली. प्रोसेसर ९०-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, मग गेम अडकतो आणि मुले म्हणतात मशीन खराब. समोर काच असलेले कॅबिनेट फोटोत छान दिसते, पण हवा आत येते जाळीतून. आपल्याकडे समोर जाळी असलेलेच घ्यावे आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा धूळ झाडावी. कूलरचा दमट झोत थेट मशीनवर सोडू नये.

विजेचा हिशोब सोपा आहे. साधा प्रोसेसर ६५ वॅट घेतो, मध्यम ग्राफिक्स कार्ड ११५ ते १७० वॅट. मॉनिटर आणि बाकीचे धरून खेळताना साधारण ३०० वॅट. रोज तीन तास म्हणजे ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट. अशा मशीनला चांगल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्का असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. जाहिरातीतला ‘७५० वॅट’ बिननावाचा डबा घेण्यापेक्षा तो बरा. पैसे वाचवायचेच असतील तर दिव्यांत वाचवावेत, एसएमपीएसमध्ये नाही. तो बिघडला तर जाताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

आमचा जुना डबा का जळाला, याचे एक कारण वायरमनने दाखवले. घराची अर्थिंग सुकली होती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगची पकड सुटते. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतायचे, एवढाच त्यावरचा घरगुती उपाय. वर्षातून एकदा वायरमनकडून तपासूनही घ्यावी. यूपीएस घ्यावा, पण त्यावर खेळायचे नसते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच ओझे उचलतो आणि तेही काही मिनिटे, काम जतन करून मशीन नीट बंद करण्यापुरते. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर कॉम्प्युटर लावू नये.

आम्ही काय घेतले

पहिल्या टप्प्यात रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. यात चित्रासाठीचा भाग प्रोसेसरमध्येच असतो, म्हणून वेगळ्या कार्डाशिवाय मशीन चालते आणि हलके गेमही चालतात. बॉक्समध्ये पंखा मिळतो आणि तीन वर्षांची वॉरंटी असते. रॅम १६ जीबी, पण एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन. अशा प्रोसेसरला दोन पट्ट्यांनी गेममध्ये चांगलाच फरक पडतो. सोबत एसएसडी, नेहमीच्या मापाचा मदरबोर्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि जाळीचे कॅबिनेट. एसएमपीएस आजच्या गरजेपेक्षा मोठा आहे, तो उद्याच्या कार्डासाठी.

यात एक तडजोड आहे, ती लपवत नाही. हा प्रोसेसर एएम४ या जुन्या सॉकेटचा आहे. २०२२ पासून त्याची जागा एएम५ ने घेतली आहे आणि पुढचे प्रोसेसर त्यातच येतील. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि आजच्या भावात ती आम्हाला झेपली नाही. म्हणजे आमच्या मशीनला पुढे कार्ड लावता येईल, पण नव्या पिढीचा प्रोसेसर नाही. ज्यांना परवडते त्यांनी एएम५ पाहावे.

जोडणी एका रविवारी झाली. मेकॅनिकला बोलावले, त्याची मजुरी ठरवली आणि सांगितले की हात मुलांचे, नजर तुमची. दादींच्या पलंगाजवळच्या टेबलावर सगळे मांडले. भाग हाताळण्याआधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो आपसूक बसू द्यायचा, दाबायचा नाही. धाकटी पुस्तिका वाचून सांगत होती, थोरला लावत होता. जोडून बटण दाबले तर पंखे फिरले, पण स्क्रीन काळी. थोरल्याचा चेहरा उतरला. मेकॅनिक काही बोलला नाही. धाकटीने पुस्तिकेचे पान पुन्हा वाचले आणि म्हणाली, ‘‘भाईजान, रॅम की आवाज नहीं आई थी.’’ एक पट्टी पूर्ण बसलीच नव्हती. ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबली आणि स्क्रीनवर अक्षरे आली. मगरिबची अजान होत होती.

आता हे मशीन बिघडले तर कुठला भाग काढायचा, हे घरातल्या दोघांना माहीत आहे.

कुणी काय घ्यावे

तयार मशीन वाईट असे आम्ही म्हणत नाही. घरात कुणाला उघडझाप जमणार नाही, जवळ भरवशाचा मेकॅनिक नाही, पैसे एकरकमी आहेत आणि सगळ्यासाठी एकच दार ठोठवायचे आहे, अशांनी तयार घ्यावे. घेण्याआधी चार गोष्टी बघाव्यात:

१) कंपनीची घरपोच सेवा आपल्या पिन कोडला आहे का? परभणी शहराचा ४३१४०१ टाकून बघणे पुरेसे नाही, आपल्या गावाचा टाकावा.

२) मदरबोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या मापाचे आहेत का? आमचे मशीन इथेच मेले.

३) रॅम एक पट्टी की दोन? एसएमपीएसवर कंपनीचे नाव आहे का?

४) प्रोसेसरची पिढी कोणती? ऑनलाइन ‘आय ७ गेमिंग पीसी’ नावाने स्वस्त मशीन दिसतात. त्यात पुष्कळदा २०१२-१३ च्या काळातला, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर असतो. इंटेलमध्ये विंडोज ११ साठी साधारण आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नुसते ‘आय ७’ वाचून पैसे देऊ नयेत.

असेंबल करणाऱ्यांनी प्रत्येक भागाचे सिरियल नंबरसह जीएसटी बिल घ्यावे आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे. हातोहात रोखीच्या सौद्याला त्यात सवलत आहे, हे खरे. पण वॉरंटी म्हणजे दुकानदाराने पुढच्या तीन वर्षांसाठी दिलेला शब्द. तो लिहिलेला असावा. कागद हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. मामूंच्या हातात कागद नव्हता, म्हणून त्यांना कुठेच जाता आले नाही.

आणि खेळाचे काय?

काही वाचक म्हणतील, मुळात गेमसाठी मशीन घ्यायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही तीन अटी घातल्या. मशीन बैठकीत राहील, बंद खोलीत नाही. नमाज आणि अभ्यासाची वेळ झाली की गेम अर्ध्यावर असला तरी उठायचे. आणि पैसे लावून कोणताही खेळ नाही. तिसऱ्या अटीला आता कायद्याचाही आधार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आपल्याकडे जुगार आधीपासून हराम आहे, तो मोबाइलवर आला म्हणून वेगळा झाला नव्हता.

अटी नेहमी पाळल्या जातात असे नाही. परवाच इशाच्या वेळेला आवाज चढवावा लागला. पण बैठकीत असल्याने दिसते आणि दिसते म्हणून बोलता येते.

ग्राफिक्स कार्डाची जागा अजून रिकामी आहे. थोरल्याने ईदीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत, काही आम्ही घालू. तोपर्यंत भाव आणखी वाढतील, अशी त्याची तक्रार आहे. वाढू शकतात, ते आम्ही त्याला मान्य केले. तरी उधारीचे कार्ड नको, यावर आता तो आमच्याशी वाद घालत नाही. दादी रोज विचारतात, ‘‘वो डब्बे में और क्या डालना बाकी है?’’

आपल्या घरी असे मशीन असेल तर ते कुठून घेतले आणि बिघडल्यावर कुणी नीट करून दिले, हे जरूर कळवा. परभणीत, सेलूत, मानवतला चांगले काम करणारी मुले आहेत, त्यांची माहिती एकमेकांना झाली तर पुष्कळ घरांचा सिकंदराबादचा फेरा वाचेल, इन्शाअल्लाह.